म्हणूनच्या पुढचं

स्पर्धा परीक्षांच्या माझ्या वर्गात दरवर्षी एकच चूक होते. मी फळ्यावर चार-पाच वाक्यांचा उतारा लिहिते आणि विचारते, यातला मुख्य निष्कर्ष कोणता? की सगळी पोरं शेवटचं वाक्य वाचून मोकळी होतात.

परवाचा उतारा असा होता. गावतळ्यातला गाळ यंदा काढायलाच हवा. गाळामुळे तळ्यात पाणी कमी मावतं. म्हणून ते उन्हाळ्याआधीच आटतं आणि मासोळी मरते. शिवाय तो गाळ शेतातल्या बांधीत टाकला तर धानही चांगलं येतं.

"धान चांगलं येतं, मॅडम!" पोरं ओरडली.

"वा! म्हणजे एवढं सगळं धानाचं कौतुक करायला लिहिलंय?" मी म्हटलं. मग नेहमीचं सांगितलं. ज्याच्यासाठी बाकीची वाक्यं राबतात, ते मुख्य. ते पहिलंही असू शकतं. 'म्हणून'च्या पुढे जे येतं तो निष्कर्ष खरा, पण तळं आटतं हा अधलामधला निष्कर्ष झाला, तो पुन्हा गाळ काढण्याच्या कामाला जुंपलाय. आणि उताऱ्यात 'म्हणून' नसेल तर प्रत्येक वाक्याआधी लावून पाहायचं. कुठे शोभतं ते कळतं.

ही युक्ती मला एका मुलाला समजावताना सुचली होती. भंडाऱ्याच्या अभ्यासिकेत आम्ही शेजारी बसायचो. तो आंधळगावकडचा, घरी धानाची शेती. मी पवनीची, आमचं घर नदीतल्या मासोळीवर चालणारं. बाकी गणितात तो माझा बाप होता, पण निष्कर्षाच्या प्रश्नात हमखास आपटायचा. अधलामधला निष्कर्ष दिसला की त्यालाच टिक करायचा.

"तुले काहून समजत नाई रे?" मी चिडायची.

"समजते ना. पण मले सगळीच वाक्यं महत्त्वाची वाटून राहिली."

मी हसून हसून बेजार झाले होते. तेव्हाच जीव जडला असावा. कोणाचंही मन मोडायचं नाही, वाक्याचंसुद्धा, असा हा माणूस. मला ते फार गोड वाटलं होतं.

धान कापणी आटोपली की घरच्यांना घेऊन मागणी घालायला येतो, असं त्याचं ठरलं. तो दिवस आला तेव्हा आईने अंगण सारवलं, वर रांगोळी काढली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. आणि आमच्या घरात कधी झालं नाही ते झालं. आईने अंगणात वाळणारी जाळी काढायला लावली आणि शेजारच्यांच्या परसात नेऊन टाकली. "शेतकरी मानसं हायेत, त्यायले वास येईल," म्हणाली. मला रडूच आलं. पण मीही एक टोक धरून जाळं उचललं, कारण मला तो हवा होता.

तो आला, मोटरसायकलवर, एकटाच.

"घरचे कुठी हायेत, बाबू?" आईने विचारलं.

"काकू, बाबाची तब्येत बरी नाई. खळ्यावर धान चुराचं काम चालू हाये. तिकडं बहिणीचं जमून राहिलं. तिच्या सासरचे सारखे विचारतेत, भाऊ कोनाकडची करून राहिला म्हून. मायले मी समजावून राहिलो, पन ते आयकत नाई."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. खोड जात नाही. एकेक वाक्यामागे मी मनात 'म्हणून' लावून पाहत होते आणि ते कुठेच बसत नव्हतं. सगळी कारणंच होती. एकामागून एक, नीट रचलेली, आणि ती सगळी ज्याच्यासाठी राबत होती ते वाक्य त्याच्या तोंडून येत नव्हतं. असेही प्रश्न असतात परीक्षेत. निष्कर्ष लिहिलेला नसतो, आपण ओळखायचा असतो. तिथे निदान पर्याय तरी दिलेले असतात.

"म्हून काय?" मी विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चहा न घेताच उठला आणि आईला म्हणाला, "येतो, काकू."

आमच्याकडे उंबऱ्यातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. वैऱ्याच्या घरूनही माणूस 'येतो' म्हणूनच निघतो. हे आईला माहीत नाही असं थोडंच आहे? पण तिला तेवढंच ऐकू आलं.

नाही म्हणाला असता तर मी भांडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि मोकळी झाले असते. तेवढंही त्याने दिलं नाही. माझं मन मोडायचं नव्हतं ना त्याला! फोन केले, उचलले नाहीत. पुढे आंधळगावहून येणारी एक मैत्रीण सांगून गेली, त्याच्या लग्नाचा मांडव पाहिला म्हणून. मी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि ती गेल्यावर नदीवर जाऊन पोटभर रडले. आईला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

आमची जाळी अजून शेजारच्यांच्याच परसात वाळतात. ओली, जड जाळी तिथवर न्यायची, पुन्हा आणायची. बाबा दमतात. परवाच वैतागून म्हणाले, "आता तरी आपल्या अंगनात टाकू दे."

"राहू द्या ना तिकडंच," आई म्हणाली. "येतो म्हून गेला न पोरगा."

हे वाक्य ती शेजारणींना सांगते, पाहुण्यांना सांगते, माझ्याकडे बघत मलाही सांगते. तिच्या लेखी त्यात महत्त्वाचं आहे ते 'येतो'. ती 'म्हून'च्या अलीकडचं धरून बसली आहे, आणि मला तिच्या हातून ते सोडवून घेववत नाही.

वर्गात मी तळ्याचे, रस्त्याचे, शाळेचे, वाटेल ते उतारे देते. आईचं हे वाक्य तेवढं फळ्यावर लिहीत नाही. पोरं आता तयार झाली आहेत, 'म्हणून'च्या पुढचं लगेच वाचून दाखवतील.