कोरी राहिलेली डावी बाजू

उझोअमाकाची पाठ बघायला खोलीतल्या बायका गोळा झाल्या. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत काळीभोर नक्षी उमटली होती. कण्याच्या डावीकडे मात्र एक टिंबही नव्हतं. आणि दुपारी तिचं लग्न.

नवरीच्या अंगावरची ही नक्षी काल काढली होती तिच्या थोरल्या चुलत बहिणीनं, ओबियागेलीनं. ऊलीच्या फळाचा रस अंगावर ओढताना पाण्यासारखा दिसतो, काळा होतो तो दुसऱ्या दिवशी. म्हणून बाकीच्या बायका त्यात कोळशाची पूड कालवतात. ओबियागेली कधी कालवायची नाही. हाताला ठाऊक असतं, म्हणायची.

तो हात घडवला होता दुखण्यानं. तिला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. हाडं ठणकायला लागली की गोळ्या घेऊन ती आपल्याच पोटरीवर एक रेघ ओढायची, इतकी सावकाश की तेवढ्यात चुलीवरचा कंद शिजावा. श्वास रेघेमागून चालायचा. ठणका राहायचा, त्याची धास्ती जायची. चौतीस वर्षांची झाली होती ती अशी.

काल आत्या चेष्टेनं म्हणालीही होती, आटप गं, नवरा म्हातारा व्हायचा. ओबियागेलीचं डोकं जड होतं, पण लग्नघरातली दगदग म्हणून तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. सगळं पुरं झालं असं वाटूनच ती उठली होती.

नवऱ्याकडची मावशी पुढे झाली. "अर्धीच सजवून पाठवताय होय पोरगी?"

"मी सगळी पाठ भरलीय," ओबियागेली म्हणाली. "कुठं राहिलंय?"

कुणीतरी हसलं. उझोअमाका हसली नाही. ती बहिणीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. "ताई, मी कुठं आहे?"

आवाज डावीकडून येतोय हे ओबियागेलीला कळत होतं. पण तिकडे काहीच नव्हतं. अंधारसुद्धा नव्हता. "आवाज येतोय, तू दिसत नाहीस," ती म्हणाली.

मग टोमणा मारणाऱ्या मावशीनंच गाडी काढली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर तुंबलीय, परवाच कधीतरी. रक्त बदलावं लागेल, पुन्हा झटका येऊ शकतो. डावीकडची नजर परतेल का, ते त्यांनाही सांगता येईना.

ओबियागेलीच्या मनात एकच धास्ती होती. नजरेचं नंतर बघू. रेघ गेली, तर पुढचा ठणका सोसायचा कशाच्या जोरावर?

चौथ्या दिवशी तिनं उझोअमाकाकडून रस आणि काडी मागवली. नवी नवरी तशाच अर्ध्या नक्षीनं लग्न लावून आली होती; उरलेली भरायला तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. ओबियागेलीनं डावा हात उचलून उजवीकडे, नजरेसमोर आणला आणि कोपरापाशी काडी टेकवली. काडी अडली, पुन्हा सरकली. डॉक्टर तपासायला आले.

"जरा थांबा," ती मान न उचलता म्हणाली. "मनगटापर्यंत जायचंय अजून."