कपाटावरचा आल्बम

कुणी परदेशी जोडपं मूल न्यायला येणार म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. नाशिकच्या एका शिशुगृहात मी बारा वर्षं मुलं सांभाळली. नाशिक-पुण्याची माणसं आली तरी मी त्यांना नखशिखांत बघून घ्यायचे, मग समुद्रापलीकडून येणाऱ्यांची काय कथा!

त्यातून त्या पोरीवर माझा जीव जरा जास्तच होता. बारा दिवसांची होती आली तेव्हा. माझ्याच मांडीवर वाढली. तिच्या डाव्या हाताला दोनच बोटं, पण त्या दोन बोटांत माझा पदर असा धरायची की सोडवता सोडवता मला घाम फुटायचा. आपल्याकडच्या चार जोडप्यांनी तिला नको म्हटलं. एक बाई तर दारापर्यंत आली, हात बघितला आणि चप्पल घालून चालायला लागली.

पोरगी दोन वर्षांची झाली आणि एक दिवस ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, "मावशी, हिला घर मिळालं बरं का. परदेशात." ताई म्हणजे आमच्या समाजसेविका. दत्तकाचे सगळे कागद त्याच बघायच्या.

मी म्हटलं, "इथल्यांना नको झालेली पोर त्यांना कशाला पाहिजे?"

"त्यांनी मुद्दाम हिलाच निवडलंय."

मुद्दाम! तो शब्द काही माझ्या डोक्यातून जाईना. त्यात माझा दीर, अंबडला कंपनीत असतो, त्यानं मोबाइलवर आलेलं काहीबाही वाचून दाखवलं. तिकडे नेऊन किडन्या काढतात म्हणे. मी त्याला चांगला झापला, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आधी आमच्याकडची एक मुलगी अशीच परदेशी गेली होती. दोन वर्षं तिचे फोटो आले, मग तेही बंद.

आमच्या कामात एक रीत होती. येणारे आईबाप आधी आपल्या फोटोंचा आल्बम पाठवायचे आणि सांभाळणाऱ्या बाईनं तो मुलाला रोज दाखवायचा. ही आई, हे बाबा, हे तुझं घर. म्हणजे माणसं समोर आली की मूल बिचकत नाही. ताईंनी आल्बम माझ्या हातात दिला. मी तो पिशवीसकट कपाटावर टाकला. उघडलासुद्धा नाही. फोटोत काय, कुणीही हसतं!

"दाखवता ना मावशी?" ताई विचारायच्या.

"दाखवते हो, रोज दाखवते." चार महिने मी हे धडधडीत खोटं बोलत होते.

मग ती दोघं आली. पाच दिवस रोज येऊन बसायचं, पोरीशी ओळख करायची आणि सहाव्या दिवशी तिला घेऊन जायचं, असं ठरलेलं. बाई सरळ फरशीवरच बसली. गडी उंचापुरा, भर उन्हाळ्यात अंगात जाकीट, आणि डावा हात खिशात. पोरीनं त्यांना बघून जी बोंब ठोकली! माझ्या गळ्याला मिठी मारली ती सोडेचना. खरं सांगते, मला बरं वाटलं. रडू दे, म्हटलं, आपोआप जातील परत.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानं चहा घेतला एका हातानं, बिस्किटाचा पुडा दातानं फोडला, पण खिशातला हात काही बाहेर येईना. काय लपवतोय हा मेला? ती दोघं गेल्यावर मी पोरीवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.

तिसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा रडली, तसा तो ताईंशी हळू आवाजात काहीतरी बोलला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. ताई माझ्याकडे वळल्या. "मावशी, ते विचारतायत, चार महिने रोज फोटो बघूनही ही रडते, म्हणजे माझ्या हाताला घाबरते का? एकदम समोर बघून बिचकू नये म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनी हात खिशातच ठेवलाय."

"कुठल्या हाताला?" मी विचारलं.

ताई म्हणाल्या, "पहिल्याच पानावर आहे की, मावशी."

मी उठले. पोर कडेवर होतीच. आतल्या खोलीतल्या कपाटावरून आल्बम काढला, पदरानं धूळ पुसली आणि सगळ्यांसमोर पहिल्यांदा उघडला. अख्ख्या पानावर एकच फोटो, डाव्या हाताच्या पंज्याचा. त्याला दोनच बोटं. खाली वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत, चित्र काढावं तसं कुणीतरी लिहिलं होतं: हा बाबाचा हात. तुझ्यासारखा.

मला इतकी लाज वाटली की काय सांगू! जगात आपल्यासारखा हात आणखी कुणाला आहे, हे त्या पोरीला चार महिन्यांपूर्वीच कळलं असतं. मी कळू दिलं नाही.

मी ते मोठ्यानं वाचलं. पोरगी रडायची थांबली. फोटो बघितला, आपला हात उलटा-सुलटा करून बघितला आणि कडेवरून खाली उतरायला धडपडायला लागली. मी सोडलं. ती तुरुतुरु त्याच्यापाशी गेली, दोन बोटांनी त्याच्या जाकिटाचा खिसा धरला आणि ओढत म्हणाली, "दाखव."

त्याला मराठी कुठलं कळायला! मग मीच पुढे झाले आणि त्याच्या कोपराला हात लावला.

"काढा हो बाबा," म्हटलं, "हात बाहेर काढा."