परिचयातला डिशवॉशर

खरं साहित्य एकांतात, आत्म्याच्या गाभाऱ्यात जन्माला येतं, असं दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी निमंत्रणात छापलं होतं. ज्यांच्या सत्कारासाठी ते छापलं, त्या जर्मन बाईंची पहिली कादंबरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिली गेली, एका डिशवॉशरची माहितीपुस्तिका संपवून दुसरी सुरू करण्याच्या मधल्या वेळात.

मला हे ठाऊक होतं, कारण ती कादंबरी मी मराठीत आणली. बाई स्वतःही अनुवादक. त्यांनी केलेले डॅनिश कवितांचे अनुवाद त्यांच्याकडे नावाजले गेले. घरभाडं मात्र इटालियन डिशवॉशरांनी भरलं; त्यांच्या माहितीपुस्तिका बाई जर्मनमध्ये करत. कादंबऱ्या खपायला लागल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नाही. मीही दिवसभर शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका ऑफिसात बसून जर्मन पंपांच्या पुस्तिका इंग्रजीत करते. कादंबरी घरी आल्यावर.

बाई शारजात पुस्तकमेळ्याला आल्या, तेव्हा मंडळानं दुबई मरीनातल्या एका टॉवरच्या हॉलमध्ये सत्कार ठरवला. परिचय मी लिहिला होता. कार्यक्रमाच्या जरा आधी अध्यक्षांनी तो वाचला आणि मला खांबाआड नेलं.

"वहिनी, हे डिशवॉशर काढा."

"का?"

"अहो, पहिल्या रांगेत स्पॉन्सर बसलेत. त्यांना काय सांगायचं, बाई भांडी घासायच्या मशीनवर जगल्या?"

"हो. मी पंपांवर जगतेय."

"तुम्ही ना, उगाच ताणता. 'विश्वविख्यात साहित्यिका' म्हणा, खलास!"

"मी काही काढणार नाही."

"मग परिचय मीच वाचतो. तुम्ही खाली बसा, आराम करा."

मी दमले नव्हते. तो परिच्छेद गेला असता, तर लोकांना बाईंची खोटी ओळख झाली असती. शिवाय, माझं दिवसभराचं काम लपवण्यासारखं आहे, हे मी माझ्याच तोंडानं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी जाऊन बाईंना सगळं जर्मनमध्ये सांगितलं.

"मग मीही खालीच बसते," त्या म्हणाल्या. आणि बसल्या, तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी, पर्स मांडीवर घेऊन.

व्यासपीठावर समई, शाल, नारळ आणि अध्यक्ष. सत्कारमूर्ती खाली. मागच्या खुर्चीवरून माझी मुलगी आनंदानं कुजबुजली, "आई, धिस इज सो ऑकवर्ड!"

अध्यक्षांनी माइक दोनदा फुंकून पाहिला, घड्याळ पाहिलं आणि ते स्पॉन्सरकडे पाहून हसले. मग खाली उतरून आमच्या रांगेपाशी आले. "यल्ला वहिनी, चला. त्यांनाही घ्या. वाचा काय वाचायचं ते."

मी सगळं वाचलं. डिशवॉशरचा परिच्छेद सावकाश वाचला.

मग प्रश्नोत्तरं. "प्रश्न कृपया साहित्यविषयकच असावेत," असं अध्यक्षांनी बजावलं. फुजैराहून आलेले एक गृहस्थ उठले. "मॅडमना विचारा, आमच्या डिशवॉशरच्या तळाला पाणी साचून राहतं. काय करायचं?"

हॉल हसला. अध्यक्षांनी डोळे मिटले. मी प्रश्न जर्मनमध्ये नेला. बाई हसल्या नाहीत. तळाची जाळी फिरवून काढा, वाहत्या पाण्याखाली धुवा, असं त्यांनी हातवारे करून नीट समजावलं आणि मी ते मराठीत आणलं.

पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांचा फोन आला. जाळीत मोहरी अडकली होती.