तीन फाउंडेशन आणि एक अट

आमच्या घरी एकच गाडी आहे आणि तिला दोन प्रकारची कामे करावी लागतात. एरवी ती बदलापूरच्या रस्त्यांवर बाजारहाट, दवाखाना, लग्नकार्ये असा साधा संसार सांभाळते. वर्षातून काही वेळा मात्र माझी मुलगी तिला एका बंद पडलेल्या धावपट्टीवर नेते आणि तिथे रीतसर भरवलेल्या शर्यतीत सरळ रेषेत पाव मैल पळवते. त्या पाव मैलासाठी तिने इंजिनाला टर्बो बसवून घेतला आहे. मुलगी इंजिनिअर, गाडी तिच्या पगाराची. त्यामुळे हरकत घ्यायची हिंमत घरात एकट्या माझ्या पत्नीने केली, आणि तीही एका अटीपुरती.

"अंबरनाथला बुवापाड्याच्या विहारात मला ह्याच गाडीतून नीट जाता आलं पाहिजे," ती म्हणाली होती. "गाडीमुळे ज्या दिवशी मला रिक्षा करावी लागेल, त्या दिवशी ते टर्बो-फिर्बो उतरवायचं."

मुलीने अट मान्य केली. दोघींच्या मध्ये उभा राहून मी साक्षीदार म्हणून मान डोलावली.

अडचण फाउंडेशनमुळे आली. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांना आमच्याकडच्या बाजारात फाउंडेशन म्हणतात. आमच्या गाडीला अशी तीन आहेत: दोन बाजूंची दोन इंजिनाचे वजन पेलतात आणि खालचे तिसरे, जोर लागला की इंजिन उलटू पाहते, त्याला धरून ठेवते. शर्यतीच्या सुटण्यांनी आमची तिन्ही फाटली होती. मुलीने हँडब्रेक ओढून, बॉनेट उघडे ठेवून, क्लच किंचित सोडून दाखवला. रुसलेल्या माणसाने पाठ फिरवावी तसे ते सबंध इंजिन एका अंगावर कलले.

"पप्पा, सुटताना अर्धा जोर हे असं डोलण्यातच जातो," ती म्हणाली. "पुढच्या शर्यतीआधी बदलायलाच हवं."

आम्ही दोघे उल्हासनगरला गेलो. सुट्या भागांच्या त्या अरुंद दुकानात मालक स्टुलावर मांडी घालून बसले होते. त्यांनी काउंटरवर तीन नमुने ठेवले: काळ्या रबराचा, पीयू नावाच्या पिवळ्या, कडक प्लास्टिकचा, आणि शेजारच्या लेथवर कातून घेतलेला सबंध धातूचा.

"साईं, पहले ये बताओ, गाडी घुमाने की है या भगाने की?"

"दोन्हीची," मुलगी म्हणाली.

"फिर तो मुश्किल है, बेटा. रबर में आराम, सॉलिड में जोर. सॉलिड लगाओगे तो इंजन हिलेगा नहीं, लेकिन बैठने वाला हिलेगा. घर में कौन-कौन बैठता है?"

"मम्मी बसते," मुलगी माझ्याकडे वळली. "पप्पा, तिला एकदा विचारू या का?"

तिची बोटे मात्र त्या धातूच्या तुकड्यावर होती. तो तिने ज्या प्रेमाने उलटसुलट करून पाहिला, ते पाहून मला तिला 'थांब' म्हणवेना. मी म्हणालो, "तिचं मी बघतो. तू तुला हवं ते घे."

मी मवाळ माणूस आहे. लोक याला स्वभावाचा चांगुलपणा म्हणतात. त्यातला आळस मला ठाऊक आहे. समोरच्याला होकार देऊन टाकला की त्या क्षणापुरती सुटका होते, आणि जो समोर नसतो त्याच्या वतीने होकार देणे तर फारच सोपे असते. घरी आल्यावर पत्नीने विचारले, "मिळालं का चांगलं?" मी म्हणालो, "उत्तम मिळालं." यात खोटे काही नव्हते, आणि खरेही पुरेसे नव्हते.

तिन्ही फाउंडेशन धातूची बसली आणि बुद्धपौर्णिमा आली. दरवर्षी पत्नी घरून खिरीचे पातेले करून विहारात नेते. आधी काढली तर खीर घट्ट होते असे तिचे मत असल्यामुळे पातेले निघतानाच चुलीवरून उतरते, आणि ते मांडीवर ओल्या फडक्यात धरूनच ती गाडीत बसते. डिकीत ठेवलेली खीर तिला वाटण्यायोग्य वाटत नाही. पांढरी साडी, मांडीवर गरम पातेले, पुढची सीट. मी मागे बसलो.

गाडी सुरू झाली आणि थरथरत्या आरशात मागचा सबंध रस्ता धूसर झाला. दरवाजाच्या कप्प्यातली नाणी बोलू लागली. पत्नीने काही विचारले, पण फिरत्या पंख्यासमोर बोलणाऱ्या मुलांचा येतो तसा तिचा आवाज आला. मुलीला हसू आवरेना. गाडीने वेग घेतल्यावर हे बरेचसे शांत झाले आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण अंबरनाथमध्ये शिरताच वाहने तुंबली, आम्ही थांबलो, आणि पातेल्याचे झाकण नाचू लागले. मनुका आणि दूध फडक्यातून बाहेर आले आणि पांढऱ्या साडीवर उतरले.

"बंद कर इंजिन," पत्नी शांतपणे म्हणाली. मग मागे न वळता, "चालती असली की ठीक. उभं राहायची वेळ आली की थरथर कापते. अगदी तुमच्यासारखी."

विहारापाशी ती उतरली. "येताना मी रिक्षाने येईन," एवढेच बोलून आत गेली.

मुलीचा हात अजून स्टिअरिंगवरच होता. अट तिला पाठ होती. "उद्याच टर्बो उतरवायला टाकते," ती म्हणाली. रडली नाही, माझ्याविरुद्ध तक्रारही केली नाही. त्या क्षणी मला कळले की मी दोघींना एकदमच फसवले आहे.

वंदना झाली, खीर वाटून झाली. तशी ती पुरलीही. सर्वांनी चवीचे कौतुक केले आणि पत्नीचा चेहरा जरा सैल झाला. चपला घालता घालता मी तिला सांगितले, "पोरीने तुला विचारू या म्हटलं होतं. मीच नको म्हणालो. तुझ्या वतीने मीच ठरवलं."

"माझी पाठ, माझी मांडी, माझी साडी. आणि ठरवलं तुम्ही?"

"हो."

"मग टर्बो तूर्त राहू दे. आणि आता मला विचारा की."

दुसऱ्याच रविवारी ती स्वतः उल्हासनगरच्या दुकानात उभी होती. मालकांनी तिला स्टूल दिले. तिने तिन्ही नमुने अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिले आणि मुलीला विचारले, "ह्यातलं वजन कोण धरतं, आणि तुझी ती ओढ कोण धरतं?"

"वजन बाजूची दोन. ओढ जास्त करून खालचं एक."

"मग बाजूची दोन मऊ घे. खालचं कडक कर. सगळ्यांनीच कशाला ताठ राहायचं?"

मुलगी विचारात पडली. सुटताना थोडे नुकसान होईल, ती म्हणाली, पण थोडेच. बाजूंना नवे, दाट रबर आणि खाली पिवळे पीयू, असे ठरले. मालक माझ्याकडे पाहून म्हणाले, "साईं, मैंने तो पहले ही पूछा था." मी हात जोडले.

पुढच्या शर्यतीला पत्नी प्रथमच आली. गाडी हलक्या झोक्याने सुटली, मग सरळ गेली. मुलीची वेळ तिच्या मनासारखी नव्हती, पण पूर्वीपेक्षा चांगली होती. पत्नीने दोन्ही कानांवर हात ठेवून सगळे पाहिले आणि "आवाज फार करते," एवढाच शेरा दिला.

परतताना बदलापूर जवळ आले आणि रस्त्याचे काम चालू असल्यामुळे आम्ही बराच वेळ अडकलो. गाडी उभी होती, इंजिन चालू होते. पुढच्या सीटवर पत्नी, खिडकीच्या काचेला डोके टेकून, गाढ झोपली होती.

मुलीने आरशातून मला खूण केली आणि कुजबुजली, "पप्पा, आता क्लच कडक टाकू का?"

"मम्मी उठली की तिला विचार," मी म्हणालो.