थोरल्या दिरांसमोरचा आरसा

साठी उलटल्यावर मी लोकांना बोलायला शिकवायचं काम शिकायला लागले, तेव्हा आमच्या घरात माझी भरपूर चेष्टा झाली. ह्यांचं म्हणणं, हिला गप्प बसायला शिकवणारं कोणी भेटलं असतं तर मी पेढे वाटले असते.

झालं असं, की माझा नातू उशिरा बोलायला लागला. सीवूड्सला एका स्पीच थेरपीच्या दवाखान्यात मी त्याला घेऊन जायचे. बाहेरच्या बाकड्यावर बसून येईल त्या आईशी गप्पा, रडणाऱ्या पोराशी गप्पा. नातू बोलू लागला, त्याचं जाणं संपलं; माझं संपेना. तिथल्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या, सांगलीकडच्या. एक दिवस म्हणाल्या, मावशी, माझ्या मदतनीस व्हाल का, मी शिकवते. तुमच्या करावे गावातले म्हातारे पेशंट माझ्यासमोर परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात, तुमच्याशी मोकळे होतील.

मी सातवी पास. पण शिकायचं म्हटल्यावर शिकले. आजार काय, उपाय काय, हे मॅडमनी ठरवायचं. त्यांनी दिलेला सराव मी करून घ्यायचा. प, ब, म ओठांनी. त, द दातांमागे जीभ टेकवून. इतकी वर्षं अखंड बोलत आले, पण ‘ळ’ म्हणताना जीभ कुठे वळते ते मला ठाऊकच नव्हतं. भाकऱ्या थापता थापता मी ट, ठ, ड करत बसायचे आणि सून दारातून वाकून बघायची. सगळ्यात अवघड काय असेल तर थांबणं. प्रश्न विचारायचा आणि समोरचा अडखळला तरी त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. आमच्याकडे चार बायका बसल्या की एकीचं वाक्य दुसरी पुरं करते, त्यालाच आम्ही माया म्हणतो. मला ओठ दाताखाली धरून बसावं लागायचं.

अशात माझ्या थोरल्या दिरांना अर्धांगाचा झटका आला. थोरले दीर म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, आमच्याच आळीतले. एके काळी खाडीकाठी शेती, मग रबाळ्याच्या कंपनीत नोकरी, आता घराच्या जागी उभी राहिलेली चार मजली बिल्डिंग. दवाखान्यातून घरी आले ते चालत, काठी धरून. सगळं समजत होतं त्यांना. शब्द मात्र ओठांपर्यंत यायची वाट विसरला होता. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, रोज सराव हवा. आठवड्यातून एकदा त्या येणार, बाकीचे दिवस मी.

माझी थोरली जाऊ पहिल्याच दिवशी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

“दिसभर नुसतं ‘अगो’, ‘अगो’ चालायचं गो बाय यांचं,” ती म्हणाली. “अगो चष्मा, अगो पानी. मी मुद्दाम पयल्या हाकंला ओ द्यायची नाय. आता घर कसं मुकं झालंय. बाकी काय नको मना, ती येक हाक येउंदे.”

मी तिला शब्द दिला. म्हणजे द्यायला नको होता, मॅडमनी बजावलेलं असतं की पेशंटच्या घरच्यांना कबूल काही करायचं नाही. पण जाऊच ती.

आणि मग मी बाहेरच्या खोलीत गेले आणि डोक्यावर पदर घेऊन जमिनीवर बसले.

आता हे गावाबाहेरच्या माणसाला कसं सांगायचं? मी या आळीत सून म्हणून आले तेव्हापासून थोरल्या दिरांच्या तोंडाकडे कधी बघितलेलं नाही. ते येताना गल्लीच्या टोकाला खाकरायचे, की आम्ही सुना पदर सारखे करून आत व्हायचो. त्यांनी मला थेट कधी काही विचारलं नाही. ‘तिला सांग,’ म्हणायचे कुठल्या तरी पोराला, आणि मी समोर उभी असायचे. यात राग नाही हो, मान आहे. पण या कामात समोरासमोर बसून, नजर एका उंचीवर ठेवून, मी तोंड उघडून जीभ दाखवायची आणि त्यांनी ती बघायची. थोरल्या दिरांना जीभ दाखवायची!

तर मी खाली बघून ‘प’ म्हणायचे, ते छताकडे बघून ओठांतून नुसती हवा सोडायचे. पहिला आठवडा असाच गेला. मॅडम बघायला आल्या, सगळं पाहिलं, आणि जिन्यात आल्यावर म्हणाल्या, “मावशी, तुमचा पेशंट पंख्याकडून शिकतोय.”

मी कारण सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दुसरी मुलगी पाठवू का, असं विचारलं. मला वाटलं, सुटले. पण जाऊ म्हणाली, परकी पोर आली तर हे खोलीचं दार लावून घेतील. तुझ्यासमोर निदान बसतात तरी. मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, की त्यांना काही लागलं तर मागण्याआधी हातात देऊ नका. त्यावर जाऊ चिडली होती. “मानूस तोंड उघडंल म्हनून तहानेला ठेवू?” आणि पाण्याचा तांब्या मुद्दाम माझ्यादेखत त्यांच्याजवळ नेऊन ठेवला.

एक दिवस मी गेले तेव्हा न्हावी नुकताच दाढी करून गेला होता. त्याच्यासाठी काढलेला आरसा टेबलावर भिंतीला टेकून तसाच होता, दीर त्याच्यासमोर खुर्चीत. आरसा उचलायला म्हणून मी त्यांच्या बाजूला गेले, वाकले, आणि काचेत त्यांचा चेहरा दिसला. त्यांना माझा दिसला असणार. गंमत अशी, की आम्ही दोघांनीही नजर वळवली नाही. आरशातलं माणूस थोडं लांबचं असतं. त्याच्याकडे बघणं म्हणजे त्या माणसाकडे बघणं नव्हे, असं काहीसं आम्हा दोघांना एकाच वेळी वाटलं असावं.

माझ्या पिशवीत आरसा होता की. पोरांना जीभ दाखवायला दिलेला. म्हाताऱ्यांसाठी तो काढायचं सुचलंच नव्हतं.

मी स्टूल ओढलं, त्यांच्या बाजूला बसले, दोघांची तोंडं आरशाकडे. पदर डोक्यावर होताच. मी आरशातल्या बाईला ओठ मिटून दाखवायला लावले, ‘म’. आरशातल्या माणसाने मिटले. आवाज आला, घोगरा, खाकरण्यासारखा. पण ‘म’ होता तो. आत भांडी थांबली.

पुढचे महिने मी सांगत बसत नाही. आज आलेला आवाज उद्या हरवायचा. मग पुन्हा ओठ, पुन्हा जीभ. ‘मामा’ आला, ‘पाय’ आला, ‘च्या’ आला, तेही आरशात बघूनच. आरसा झाकला की सगळं बंद. जाऊ चहा देऊन जाताना माझ्याकडे बघायची, विचारायची काही नाही. मी दिलेला शब्द आम्हा दोघींना आठवत होता. तांब्या मात्र तिने हळूहळू लांब ठेवायला सुरुवात केली, आधी टेबलावर, मग स्वयंपाकघराच्या दारात.

त्या दिवशी सराव काही धड झाला नव्हता. मी आरसा पिशवीत घातला आणि पॅसेजमध्ये येऊन चपला घातल्या. जाऊ मोरीपाशी निवट्या, खाडीतली बुळबुळीत मासळी, राख लावून साफ करत बसली होती. मागून आवाज आला.

“अगो.”

वाट शोधत आल्यासारखा, पण तोच. जाऊचे हात थांबले. मी तोंड उघडलं होतं, ‘ऐकलंत का जाऊबाई’ असं ओरडणारच होते. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. तिने ओ दिली नाही. ती तशीच बसून राहिली, राखेने माखलेले हात पुढे धरून, दाराकडे कान देऊन. मी ओठ दाताखाली धरला. आतमध्ये खुर्ची करकरली, श्वास ऐकू आला. आम्ही दोघी थांबलो होतो.

“अगो,” या वेळी थोडं चिडून. आणि मग तुटत तुटत, “हिला… च्या.”

“आयकलं,” जाऊ म्हणाली. “बयरी नाय मी.”

तिने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि आधण ठेवलं. मी चपला काढून तिथेच पॅसेजमध्ये बसले. चहा मिळाला तो पाकासारखा गोड. साखर दोनदा पडली असणार. मी तो सगळा प्यायले.