डावी कूस

सकाळी चादर झटकायला जातो, तर पलंगाच्या डाव्या बाजूला एकही सुरकुती नसते. ती बाजू हिची होती. ही जाऊन दीड वर्ष झालं.

मध्यंतरी रात्री आडवं झालं की छातीत जळजळायचं, आंबट पाणी घशाशी यायचं. डॉक्टर म्हणाले, "जेवण लवकर उरका, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, आणि डाव्या कुशीवर झोपत जा." विटा ठेवल्या. जेवण सातलाच उरकतं. कुणासाठी थांबायचं नसतंच. कूस बदलणं मात्र जड गेलं. बत्तीस वर्षं मी उजव्या कुशीवर, हिच्याकडे पाठ करून झोपलो.

"अहो, एकदा तरी इकडे तोंड करून झोपा की," ही म्हणायची.

"सवय आहे गं," म्हणत मी दिवा मालवायचो. राग वगैरे काही नव्हता. माणूस शेजारी आहे हे पक्कं ठाऊक असलं, की पाठ खुशाल फिरवता येते.

आता रोज हिच्या बाजूला तोंड करून झोपतो. जळजळ थांबली आहे. पण अंधारात डोळे उघडले की वाटतं, ही तिथेच आहे. फक्त आता हिने माझ्याकडे पाठ केली आहे.