एका खोलीची एक सही

आमच्या लालबागच्या चाळीत एका खोलीची एकच सही चालते. पाण्याची तक्रार असो की पुनर्विकासाचा अर्ज, घरातला एक जण सही करतो आणि बाकीच्यांची नावं खाली मी लिहितो. मी चाळीचा सेक्रेटरी. अक्षर बरं, म्हणून गळ्यात पडलेलं काम.

समोरच्या खोलीतल्या मुलीचा खून झाला. मारणाऱ्याला जन्मठेप झाली, तेव्हा सरकारने फाशीसाठी अपील करावं, असा अर्ज मीच लिहिला. तिच्या वडिलांनी पहिली सही केली. त्याखाली सवयीने मी तिच्या आईचं नाव घातलं. विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी मुलीची आई माझ्या दारात आली.

"भावजी, माजा नाव काढा."

ही खुन्याला माफ करते की काय! चाळ काय म्हणेल, याचीच मला आधी धास्ती. लाज वाटते, पण खरं आहे.

"वहिनी, पोरीसाठीच चाललंय ना हे?"

"मरताना माजा चेडू काय बोलला, ता मारणाऱ्याकच म्हायत. कोर्टात तो गप रवलो. आज ना उद्या बोलतलो. तो मेलो तर मी इचारू कोणाक?"

मी कपाटातून अर्ज काढला. नाव खोडलं. "ह्येंका सांगू नकात," एवढं म्हणून ती गेली.

संध्याकाळपर्यंत जिवात जीव नव्हता. नेमका तिचा नवरा अर्ज पुन्हा वाचायला आला. कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं, तर किल्ली माझ्या हातातच! शेवटी कागद द्यावाच लागला.

"ह्या कोणी खोडला?"

मी खोटं बोलणार होतो. तेवढ्यात समोरच्या दारातून ती म्हणाली, "मी." आणि मला सांगितलेलं सगळं त्यालाही सांगितलं.

आता हा पेटणार, म्हणून मी दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. पण तो बाकड्यावर बसला.

"माज्याय मनात रोज ताच येता, चेडू काय बोलला आसात," तो म्हणाला. "पण माका ता कधीच आयकूचा नाय. म्हणान तेका फाशी व्हयी."